पेन्सिल जाते तिथून उंदीर जातो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दादर ज्वारी खळ्यावर आली, हरभरा-गहू निघाला की वावरं उघडी पडतात आणि उंदरांचा मोर्चा गावाकडे वळतो. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की दुसऱ्यांदा, आणि भाव वाढेल या आशेने कापूस घरात रचला की तिसऱ्यांदा. या तिन्ही वेळी खान्देशातल्या गॅरेजांमध्ये एकाच जातीच्या तक्रारी येतात. काल चालती गाडी आज सेल्फ घेत नाही, इंजिनचा पिवळा दिवा विझत नाही, एसी लावला की मुताचा वास येतो, ट्रॅक्टरच्या सीटमधून भुसा पडतो. मालकाला कारण कळलं की तो थेट दुकानात जातो आणि विषाची वडी नाहीतर चिकट पुठ्ठा घेऊन येतो. वाहनांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या आम्हा मंडळींचं म्हणणं एवढंच, की या दोन्ही वस्तूंनी गाडी वाचत नाही. गाडी वाचते ती भोकं बंद केल्याने. ते काम नेमकं कसं करायचं हे सहसा कुठे छापून येत नाही, म्हणून हे पत्र जरा लांबलं आहे.

आधी विषाचं सांगतो. दुकानात मिळणाऱ्या तयार वड्यांत बहुधा 0.005 टक्के ब्रोमाडिओलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही, त्यामुळे उंदीर लगेच मरत नाही. तीन-चार दिवस, कधी आठवडाही लागतो. तेवढ्या दिवसांत तो वायर कुरतडणं सोडत नाही आणि शेवटी मरतो तो डॅशबोर्डमागच्या हवेच्या नळीत किंवा चेसिसच्या पोकळ पट्टीत. मग वासासाठी अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो आणि ती मजुरी वायरिंगच्या मजुरीपेक्षा जास्त होते. शेतात वापरतात ते झिंक फॉस्फाईड तर गाडीच्या जवळपासही आणू नये. ओलावा किंवा पोटातलं आम्ल लागलं की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो, आणि बंद काचांची गाडी ही त्यासाठी सर्वांत वाईट जागा. विष खाल्लेला उंदीर मांजर खाते, पिंगळा खातो, गव्हाणी घुबड खातं. म्हणजे जे फुकटात राखण करतात, तेच पहिल्यांदा जातात.

चिकट पुठ्ठ्याबद्दल तर बोलायलाही नको वाटतं. त्यावर अडकलेला जीव तासन्‌तास, कधी दोन दिवस तडफडतो, स्वतःचे पाय कुरतडतो. पाली, चिमण्या, सापाची पिल्लंही त्यात अडकतात. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने हे पुठ्ठे बंद करावेत असं राज्यांना कळवलेलं आहे, आणि प्राण्यांना विनाकारण यातना देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. तरी आठवडे बाजारात ते उघड्यावर विकले जातात. आणि समजा एक उंदीर पुठ्ठ्यावर गेला, तरी भोक तसंच राहिलं. उद्या दुसरा येणार.

उंदीर गाडीत का येतो? त्याला वायर खायची नसते. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला काहीतरी कठीण-मऊ लागतं, आणि वायरचं आवरण नेमकं तसं असतं. हल्ली ते सोयाबीनच्या तेलापासून बनवतात म्हणून उंदीर खातात, असं सर्रास ऐकू येतं. पण जुन्या जीपच्या साध्या पीव्हीसी वायरीही त्यांनी कधी सोडल्या नाहीत. खरं आकर्षण आडोशाचं आहे. बोनेटखाली अंधार असतो, वरच्या बाजूला मऊ नमदा असतो, आणि रात्री आलेल्या गाडीचं इंजिन कित्येक तास कोमट राहतं. थंडीत म्हणूनच त्रास वाढतो. भरीत पार्टीहून आलेल्या गाडीत सीटच्या फटीत शेव आणि केळीच्या वेफर्सचा चुरा असेल, डिकीत सरकीच्या ढेपेचं पोतं असेल, तर मग आमंत्रणच दिलं म्हणायचं.

कोण येतं ते लेंडीवरून ओळखता येतं, आणि ओळखावं, कारण भोकाचा आकार त्यावर ठरतो. जिऱ्याएवढी, टोकदार, 3 ते 6 मिमीची लेंडी घरातल्या छोट्या उंदराची. सव्वा ते पावणेदोन सेंटीमीटरची, जाडसर असेल तर मोठा काळा उंदीर किंवा घूस. दिवसाढवळ्या कुरतडल्याचं दिसत असेल आणि गाडी निंबाखाली लागत असेल, तर बऱ्याचदा ती खार निघते. एअर फिल्टरच्या डब्यात कापसाचं घरटं करायला तिला फार आवडतं. चिचुंद्रीचा मात्र यात काही दोष नाही. ती किडे-झुरळं खाते, वायरीला तोंड लावत नाही. वासामुळे बिचारी मार खाते.

छोटा उंदीर 6 मिमीच्या फटीतून आत जातो. शाळेतली साधी पेन्सिल जिथे सरकते तिथून तो सरकतो, ही आमची चाचणी. मोठ्या उंदराच्या पिल्लाला 12 मिमी पुरतात. म्हणून जाळी घ्यायची ती पाव इंची वेल्डमेश, म्हणजे तारांचे सांधे जोडलेली चौकोनी जाळी. तार 20 ते 22 गेजची हवी, तिची जाडी वजा जाता हिचं मोकळं घर साधारण साडेपाच मिमीचं राहतं. अर्ध्या इंचाची जाळी स्वस्त पडते पण छोटा उंदीर त्यातून आरामात जातो. प्लॅस्टिकची मच्छरजाळी एका रात्रीत जाते. गाडीखाली चिखल-पाणी उडतं तिथे स्टेनलेस घ्या, वरच्या कोरड्या जागी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी चालते. छोट्या मोटारीला सगळं मिळून दोन बाय चार फुटांचा एक तुकडा पुरतो, वाया जाणारी कड धरून. सोबत पत्रा कापायची कात्री, पक्कड, जाडे हातमोजे, काळे केबल टाय आणि वेगवेगळ्या मापांचे रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे बसवायच्या कड्या) ठेवा.

जाळी बसवण्याआधी एक गोष्ट विसरायची नाही. आत कोणी नाही ना, हे बघायचं. आत जीव असताना भोक बंद केलं तर तो आतच मरतो किंवा बाहेर पडायला नवीन भोक पाडतो, आणि ते तुमच्या वायरिंगमधून पाडतो. खायची प्रत्येक वस्तू बाहेर काढा, लेंड्या नसतील तर सीटखालून व्हॅक्यूम फिरवा, बोनेट उघडं ठेवा आणि गाडीखाली व भोकांच्या तोंडाशी रांगोळीचा पातळ थर पसरा. पीठ नको, पीठ ते खातात. लागोपाठ तीन रात्री पाऊल उमटलं नाही म्हणजे आत कोणी नाही. घरटं सापडलं आणि त्यात गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं असली तर घाई करू नका. उंदरीण 19 ते 21 दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं देते आणि तीन आठवड्यांत ती दूध सोडून स्वतः खायला लागतात. गाडी तेवढे दिवस उभी ठेवता येत असेल तर उत्तम. नसेल, तर हातमोजे घालून घरट्यासकट पिल्लं बाजूला भोक पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. खोकं त्याच भिंतीच्या कडेला, सांजवेळी ठेवायचं. बोनेट उघडं असलं की आई रात्रीतून एकेक करून त्यांना दुसरीकडे नेते.

आता भोकं. सर्वांत महत्त्वाचं वायपरच्या खाली, काचेच्या पायथ्याशी असलेलं हवेचं तोंड. एसीची ताजी हवा इथून आत येते आणि उंदीरही. वायपरचे हात काढून प्लॅस्टिकची पट्टी उचला. खाली निंबाची पानं, फुलोरा, माती साठलेली असते, ती आधी पूर्ण साफ करा. दोन्ही टोकांना पाणी निचरायची भोकं असतात, ती मोकळी ठेवायची. इथेच हौशी माणूस चुकतो. सगळंच सिलिकॉनने लिंपतो आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं. जाळी तोंडाच्या मापापेक्षा चारही बाजूंनी दोन सेंटीमीटर मोठी कापायची, कापलेल्या तारा आत दुमडायच्या, आणि केबल टाय किंवा सिलिकॉनचे फक्त सुटे ठिपके देऊन पक्की करायची. काम झालं की बादलीभर पाणी काचेवर ओतून बघा. पाणी चाकामागून खाली पडलं पाहिजे.

यासोबत बिनपैशाचा एक उपाय आहे. गाडी बंद करण्याआधी आतली हवा आत फिरवण्याचं बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत ती झडप तशीच बंद राहते आणि उंदराला ब्लोअरपर्यंत जाता येत नाही. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर कागदी असतो, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. मात्र दर महिन्याला तो काढून बघा. गाडीत उंदीर येऊ लागला याची पहिली खूण तिथेच दिसते.

दुसरं तोंड इंजिनच्या एअर फिल्टरचं. ही नळी पुढे ग्रिलमागे उघडते. जाळी बसवायची ती नळीच्या बाहेरच्या टोकाला, फिल्टरच्या अलीकडे, म्हणजे तारेचा तुकडा सुटला तरी फिल्टरमध्ये अडकेल, इंजिनात जाणार नाही. फिल्टरच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला जाळी कधीही लावू नका. पाव इंचापेक्षा बारीक जाळीही नको. आपल्याकडची धूळ आणि कापसाची तुसं तिच्यात बसतात आणि गाडी ओढत नाही. वापरती गाडी असेल तर दर ऑइल बदलीला ती जाळी झाडून घ्यायची.

रेडिएटरसमोर मात्र कायमची जाळी नको. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात हवा थोडी जरी अडली तरी काटा वर चढतो. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला ग्रिल आणि खालच्या बाजूसाठी जाळीची सुटी चौकट करा, आकड्यांनी अडकवायची. आणि स्टिअरिंगला लाल चिंधी बांधा, म्हणजे चौकट काढल्याशिवाय गाडी चालू होणार नाही. चिंधी बांधायला हसू नका. चौकट विसरून गाडी गरम केलेले कमी नाहीत.

गाडीच्या खालून येणारी वाट बंद करायला बाजारात तयार जाळीच्या चटया मिळतात. कल्पना चांगली, पण सगळ्या गाड्यांना एकच माप, त्यामुळे कडेला दोन-दोन बोटं फट राहते आणि पैसे पाण्यात. मापाने कापून घ्या. स्टिअरिंगचा दांडा, एक्सलचे रबरी बूट आणि फिरणारे पट्टे यांच्यापासून जाळी चार बोटं लांब, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या तापत्या नळ्यांपासून, वीतभर. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून बघा, जॅकवर चाक खाली लोंबू द्या आणि पुन्हा बघा. जाळी कशालाही घासता कामा नये. बॉडीत नवीन भोक पाडून स्क्रू मारू नका. मागे ब्रेकची किंवा पेट्रोलची नळी असू शकते.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात वायरी जायला रबरी ग्रोमेट असतात. कंपनीचे सहसा ठीक असतात. घोळ होतो तो नंतर. म्युझिक सिस्टीम, मागचा कॅमेरा, जीपीएस, कर्कश हॉर्न बसवताना फिटर एक भोक पाडतो, वायर ओढतो आणि तसंच सोडून देतो. उंदरांना निम्मी दारं आमच्याच धंद्यातल्या लोकांनी उघडून दिली, असं म्हणायला हरकत नाही. वायरच्या जाडीला घट्ट बसेल असा ग्रोमेट घाला. भोक वेडंवाकडं असेल तर आधी जाळीची चकती, मग ग्रोमेट. भांडी घासायचा तारेचा काथ्या कोंबायचा सल्ला घराच्या भिंतीसाठी बरा आहे. गाडीत तो गंजतो, त्याचे तुकडे फ्यूजबॉक्सात पडून शॉर्ट करतात, ठिणगीने पेटतोही.

मागच्या बाजूला डिकीखाली, बंपरच्या आड, हवा बाहेर पडायच्या रबरी झडपा असतात. दार लावल्यावर आतली हवा इथून निघते. त्या चिकटवून बंद केल्या तर दारं जोराने आपटावी लागतात आणि पावसाळ्यात काचांवर वाफ धरते. झडपेला धक्का न लावता बाहेरून, दोन बोटं अंतर ठेवून जाळी बसवायची. स्टेपनीच्या खड्ड्यातली रबरी बुचं, फ्लोअरची बुचं, दारांच्या रबरी पट्ट्या हे सगळं एकदा रात्री आत बॅटरी लावून बाहेरून बघा. उजेड दिसला तिथे उंदराची वाट.

वायरी झाकण्यासाठी चिरलेली कोरुगेटेड (वळ्यावळ्यांची) नळी मिळते, ती उंदराला अडवत नाही, फक्त उशीर करते. तेवढा उशीर कधी कधी पुरतो. सेन्सरच्या बारीक वायरींवर, विशेषतः ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर आणि चाकाच्या एबीएस सेन्सरच्या वायरींवर, तिखटाचा अंश असलेली खास चिकटपट्टी गुंडाळली तर उपयोग होतो. मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांना झोंबतं. पण म्हणून नंदुरबारच्या मिरचीची पूड बोनेटखाली उधळू नका. पंखा लागला की ती एसीतून थेट डोळ्यांत येते.

असे घरगुती उपाय सारखे फिरत असतात, त्यांचंही एकदा सांगून टाकतो. तंबाखूची पुडी, पुदिन्याचं तेल, कडुलिंबाचा पाला दोन-तीन दिवस वास देतात, आपल्याकडच्या उन्हात तेवढेही नाही, आणि मग उंदीर त्याच्याच शेजारी झोपतो. डांबराच्या गोळ्यांची वाफ बंद गाडीत माणसाला त्रास देते. लहान मूल बसणार असेल तर त्या अजिबात नकोत. डिझेल, रॉकेल, जळकं ऑइल वायरीवर मारणं म्हणजे रबर फुगवणं आणि आगीला निमंत्रण. आवाजाच्या यंत्रांचं असं, की तो बारीक आवाज पत्र्याआड, नळीआड पोहोचत नाही आणि उंदीर काही दिवसांत त्याला सरावतात.

उजेड मात्र खरोखर काम करतो. भरवशाच्या आवारात रात्री बोनेट उघडं ठेवणं आणि खाली दिवा लावणं, यासारखा सोपा उपाय नाही, कारण त्याने आडोसाच जातो. दिवा गाडीच्या बॅटरीवर लावू नका. पाच वॅटचा दिवा दहा तासांत साधारण 4 अँपिअर-तास खातो, म्हणजे 35 अँपिअर-तासांची बॅटरी चार रात्रींत निम्मी. घरची वीज किंवा सोलरचा दिवा वापरा. गाडीच्या बोनेटखाली स्वतःचा दिवा असेल तर त्याचा बल्ब काढून ठेवा.

गाडी कुठे उभी करता याने निम्मा प्रश्न सुटतो. कडब्याची गंजी, कुट्टीची जागा, पऱ्हाट्यांचा ढीग, कोंबड्यांचं खाद्य, कापसाची खोली यांच्यापासून किमान दहा पावलं दूर. भिंतीपासून तीन फूट. काळा उंदीर चांगला चढतो, म्हणून फांदी आणि पत्र्याची कड गाडीला टेकू देऊ नका. खाली गवत नको, फरशी किंवा स्वच्छ खडी हवी. गाडीवर कव्हर घालता तर ते जमिनीपासून फूटभर वर बांधा. जमिनीला टेकलेलं कव्हर म्हणजे उंदरासाठी तंबू. आणि दोन दिवसांनी पाच मिनिटं नुसतं इंजिन चालू करून ठेवण्याचा काही फायदा नाही, उलट जागा ऊबदार होते. वीसेक मिनिटं चालवा आणि परत आणल्यावर दुसऱ्या जागी लावा.

ट्रॅक्टर, मळणीयंत्र, हार्वेस्टर यांची गोष्ट वेगळी, कारण ती हंगाम संपला की पाच-सहा महिने हलत नाहीत. हार्वेस्टरची टाकी आणि एलिव्हेटर यांत दोन-चार किलो दाणे राहतातच. हवा मारून, खालची झाकणं उघडून ते पूर्ण काढा, आणि झाकणं उघडीच राहू द्या. ट्रॅक्टरच्या उभ्या सायलेन्सरवर पत्र्याचा डबा उपडा घाला. सीट काढून घरात टांगा. बॅटरी तशीही काढायचीच असते. शक्य असेल तर प्रत्येक टायरभोवती गुळगुळीत पत्र्याचं कडं उभं करा, टायरपासून वीतभर लांब. छोटा उंदीर फूटभर उडी मारतो, त्याला दीड फुटाचं कडं पुरतं. मोठा उंदीर तीन फुटांपर्यंत जातो, त्याच्यासाठी कडं त्याहून उंच हवं. पत्र्याला दोरी, काठी, नांगराचा फाळ टेकला की त्या कड्याचा उपयोग संपला. मोटारसायकलीचं तेवढंच: सीटखालच्या एअर फिल्टरच्या तोंडाला जाळी, आणि टाकीखालची वायरिंग वर्षातून एकदा बघणं.

मे महिन्यात शाळांच्या बसगाड्या दीड महिना उभ्या असतात. त्या जूनमध्ये मुलं बसण्याआधी आठ दिवस तरी उघडून बघा. पेट्रोलची किंवा डिझेलची नळी कुरतडलेली असेल तर पहिल्याच फेरीत आग लागू शकते. मॅनिफोल्डवर काड्या-कापसाचं घरटं असेल तरी तेच.

पिंजरा हा शेवटचा उपाय, आणि तोही उंदीर आत अडकला असेल तरच. तारेचा साधा पिंजरा चालतो. शेंगदाण्याचं तेल लावलेला भाकरीचा तुकडा किंवा खोबरं बांधा. आत मूठभर कापूस ठेवा, थंडीत तो लागतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो, म्हणून दोन-तीन रात्री पिंजऱ्याचं दार बांधून उघडंच ठेवा, खाऊन जाऊ द्या, मग लावा. छोटा उंदीर पहिल्याच रात्री जातो. सकाळी ऊन वर यायच्या आत पिंजरा बघायलाच हवा. एप्रिल-मे महिन्यात तारेचा पिंजरा उन्हात राहिला तर आतला जीव थोड्याच वेळात भाजून मरतो. नेताना वर पोतं टाका. आणि पाच-दहा किलोमीटरवर सोडून आलो म्हणून पुण्य लागत नाही. घरउंदराचा रोजचा वावर बहुधा दहा मीटरच्या आतला. अनोळखी वावरात त्याला ना बीळ, ना खाणं, बहुतेक मरतात. त्याच आवाराच्या कडेला, झुडपाजवळ सोडा. परत येईल म्हणता? म्हणून तर आधी भोकं बंद करायची.

साफसफाई करताना कोरडा झाडू किंवा ब्लोअर मारू नका, लेंड्यांची धूळ श्वासात जाते. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, अंगावरच्या किड्यांतून स्क्रब टायफस. हातमोजे, मास्क, सगळ्या काचा उघड्या. एक भाग घरगुती ब्लीच, नऊ भाग पाणी, शिंपडून पाच मिनिटं ठेवायचं आणि फडक्याने टिपून फडकं टाकून द्यायचं. वायरींच्या जोडण्यांवर मात्र ब्लीच नको, पिना गंजतात. तिथे साबणाचं पिळलेलं फडकं.

आता दुरुस्ती. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. तुटलेल्या दोन टोकांना पिळून काळी पट्टी गुंडाळणं, हे वायरिंगचं काम नव्हे. सेन्सरची वायर साधारण 0.5 चौरस मिमीची असते. त्याच जाडीची, शक्यतो त्याच रंगाची वायर घ्या, डाग द्या आणि वरून हीट श्रिंक नळी चढवा, म्हणजे गरम केली की आवळणारी, आतून गोंद असलेली. एकाच जागी पाच-सहा वायरी तुटल्या असतील तर सांधे तीन-चार सेंटीमीटर मागे-पुढे ठेवा, नाहीतर तिथे गाठोडं होतं. एकमेकींना पिळ घातलेली जोडी दिसली तर ती गाडीतल्या छोट्या संगणकांची एकमेकांशी बोलायची तार असते. पिळ तसाच ठेवून जोडा. बॅटरी सोडलेली असताना त्या दोन तारांमध्ये मीटरला सुमारे 60 ओहम यायला हवेत. 120 आले तर कुठेतरी अजून तुटलंय. पिवळ्या नळीतल्या वायरी एअरबॅगच्या आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांतल्या नारिंगी जाड केबली जिवावरच्या. त्यांना हात न लावता गाडी कंपनीच्या वर्कशॉपला न्या. कुरतडलेली इंधनाची नळी जोडत बसू नका, अख्खी बदला. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालणारा मेकॅनिक दिसला तर गाडी घेऊन निघा.

विम्याचं थोडक्यात: फक्त थर्ड पार्टी असेल तर यातला एक रुपयाही मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर कुरतडलेल्या भागांचा दावा चालतो का, हे नुकसान होण्याआधी लेखी विचारून ठेवा. गाडी खोलण्याआधी फोटो काढा.

काही गोष्टी मात्र एकट्या मालकाच्या हातात नाहीत. बाजार समित्यांच्या आवारात धान्याच्या ढिगाशेजारीच पिकअप आणि ‘छोटा हत्ती’ टेम्पो रात्रभर उभे असतात. मुंबई-पुण्याला गेलेल्यांच्या गाड्या रेल्वे स्टेशनांच्या पार्किंगमध्ये तीन-चार दिवस राहतात, आणि शेजारच्या टपऱ्यांचा उरलेला वडापाव तिथेच पडतो. रात्री एकदा झाडणं, झाकणाचे डबे, कुंपणाकडचं गवत कापणं आणि उभ्या गाड्यांच्या रांगेत दिवे, एवढं पार्किंगचे पैसे घेणाऱ्यांनी करायला हवं. त्याऐवजी तिथे कोपऱ्या-कोपऱ्यात विषाच्या वड्या टाकलेल्या दिसतात, आणि त्या भटकी कुत्री-मांजरंही खातात. कृषी केंद्रांनी चिकट पुठ्ठे ठेवणं थांबवावं. त्याच जागेवर पाव इंची जाळीचं एक भेंडोळं ठेवलं तर तेही खपेल. सध्या ती घ्यायला तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात जावं लागतं आणि तिथेही अर्धा इंचीच हातात देतात. मागताना पेन्सिल घेऊन जा.

गाडीला नवा हॉर्न, कॅमेरा किंवा टेप बसवून घ्याल तेव्हा बिल देण्याआधी फिटरला बोनेट उघडायला सांगा आणि वायर जिथून आत नेली ते भोक दाखवायला सांगा. ग्रोमेट नसेल तर तो बसवल्यावरच पैसे द्या.

आपले,
वाहनांचं वायरिंग करणारे काही कारागीर
जिल्हा जळगाव